खालचा दांडा

सुकऱ्या वरठा भिंती वाचतो. शाळेत तो चौथीपर्यंतच गेला आणि तिथलं वाचन त्याने गुरुजींच्याच हवाली केलं. पण बोर्डीपासून डहाणूपर्यंतच्या वाड्यांमधल्या कुठल्याही जुन्या घरात त्याला नुसता चहा पाजा. कप खाली ठेवेपर्यंत तो सांगेल, की या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा तोल कुठे जातो, कोणत्या पायरीला जातो आणि ते माणूस ही गोष्ट घरच्यांपासून किती दिवस लपवतंय.

तो मूळचा सुतार. गाव तलासरी तालुक्यातलं उपलाट, त्यातही डोंगराकडचा पाडा. तरुणपणी चिकूच्या खोक्यांना खिळे ठोकायला खाली किनाऱ्याकडे उतरला, मग दारं-खिडक्या करायला लागला. बारा वर्षांपूर्वी बोर्डीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने न्हाणीघरात धरायला दांडा लावून मागितला. सुकऱ्याने सागाचा दांडा लावला आणि ओल्या हातातून निसटू नये म्हणून त्यावर मासेमारीच्या जाळ्याची नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळून दिली. बाई पुढे नऊ वर्षं एकदाही न पडता जगल्या आणि भेटेल त्याला त्या दांड्याबद्दल सांगत राहिल्या. तेव्हापासून त्याचं नाव दांडेवाला पडलं. आता तो दारं-खिडक्या फारशा करत नाही. कुठे संडासाजवळ दांडा, कुठे पायरीला कठडा, कुठे घसरत्या लादीवर खरबरीत पट्टी, हेच त्याचं काम.

या कामात मापाचा घोळ फार. मुलगे टेप घेऊन तयार असतात. मोबाइलवर बघून ठेवलेलं असतं, की दांडा तेहतीस इंचांवर हवा. सुकऱ्या मान डोलावतो आणि टेपला हात लावत नाही. म्हाताऱ्या माणसाला विचारावं, तर ते डोळ्यात डोळा घालून खोटं बोलतं. "मला कशाला दांडा? मी काय म्हातारी झाले?" पण तिच्याच खोलीच्या चौकटीवर, कपाटाच्या कोपऱ्यावर, मोरीच्या भिंतीवर काळपट, तेलकट डाग असतात. खोबरेल तेलाचे, घामाचे, वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलेल्या हाताचे. भिंतींना कान असतात म्हणतात. सुकऱ्याला विचाराल तर भिंतींना हात असतात. जिथे डाग, तिथे दांडा, हा त्याचा नियम, आणि तो कधी चुकला नव्हता. सुनांना मात्र त्याचा राग येतो. मिस्त्री दांडा लावायला आलाय की घरातली घाण बघायला, असं त्यांना वाटतं.

एवढा जाणता माणूस, पण यंदा त्याच्या स्वतःच्या घरात एक गाठ पडली होती आणि ती त्याला काही केल्या सुटेना.

सुकऱ्याची आई पुतळी धवलेरी. वारल्यांच्या लग्नात लग्न लावते ती धवलेरी. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी गाते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पुतळीने चाळीस वर्षांत किती लग्नं लावली याचा हिशेब कोणाकडे नाही. अर्ध्या पाड्याचे संसार तिने सुरू करून दिले, त्यातले काही मोडले, त्याला तिचा इलाज नव्हता. तिच्या मागून सूर धरायला जिवली असायची. जिवली पलीकडच्या पाड्यावरची, पुतळीहून थोडी लहान, आता घरात एकटीच राहणारी. मुलगा-सून भिवंडीला गेले ते सणालाच येतात.

दिवाळीनंतर मात्र पुतळीने एकेक करून चार लग्नं नाकारली. बोलावणं आलं की ती कोपऱ्यातल्या खाटेवरून म्हणायची, "मना नाय जमत. जिवलीला न्या." कारण विचारलं की गप्प. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, मागून बोलले. म्हातारीला गर्व झाला, म्हणाले.

सुकऱ्याने वेगळा अर्थ लावला होता. दिवाळीतच त्याने आपल्या मुलीचं, रोशनीचं लग्न उधव्याच्या मुकेशशी ठरवलं होतं. मुलगा उंबरगावच्या कंपनीत होता, घर चांगलं होतं, आणि हो म्हणायच्या आधी सुकऱ्याने आईला विचारलं नव्हतं. ज्या बाईने गावाची लग्नं लावली, तिला नातीच्या लग्नाचं नुसतं कळवलं. चूक होती, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. मग कबूल करायला उशीर झाला, आणि उशीर झाल्यावर कबूल करणं आणखी अवघड झालं. रोशनीचं तर एकच पालुपद होतं. "आजी नाय गायली त मी चौकासमोर बसायची नाय." लग्न चैत्राच्या शेवटी होतं. आईचा रुसवा काढायचा कसा, हे सुकऱ्याला सुचत नव्हतं. लाकडातली गाठ त्याला बघताच कळायची, ही काही कळेना.

त्याच सुमारास बोर्डीहून हिरकणीकाकींचं काम आलं.

हिरकणीकाकी चिकूच्या वाडीच्या मालकीण, वय एकोणऐंशी. पावसाळा संपता संपता त्या घरात पडल्या, मनगट मोडलं. मुलगा प्रितेश घाबरला आणि घाबरलेले मुलगे करतात तेच त्याने केलं. आईला सांगून टाकलं, की पुन्हा पडलीस तर तुझं वाडीत जाणं बंद, खोलीतच बसायचं. कुठल्याशा शिबिरात मिळालेला वॉकर घरात होता. त्यावर टॉवेल वाळत होते.

सुकऱ्या आत शिरला आणि दारातच थबकला. घर नव्या निळ्या रंगाने चकचकत होतं. सगळ्या भिंती, चौकटी, अगदी मोरीची भिंतसुद्धा.

काकींची सून निशिगंधा कौतुकाने म्हणाली, "भिंती इतक्या घाण झाल्या होत्या मिस्त्री, तुम्हाला दाखवायची लाज वाटली. म्हणून कालच रंग लावून घेतला."

"वहिनी," सुकऱ्या म्हणाला, "तुम्ही पुस्तकच धुवून टाकलंत."

निशिगंधाला काही कळलं नाही. त्याने समजावून सांगितल्यावर कळलं आणि मग वाईट वाटलं. काकींना विचारून काही उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या, मी कशालाच धरत नाही, त्या दिवशी लादीच ओली होती. सुकऱ्या ओसरीवर येऊन बसला. आतल्या ओट्यावर घावनांसाठी भिजवलेल्या तांदळाचं पीठ वाटून ठेवलेलं दिसत होतं. मग त्याने ताटलीभर पीठ मागून घेतलं.

"काकी, हात बुडवा ह्यात. आणि मग रोज करता ते सगळं करा. कोणी बघत नसतं तेव्हा करता, ते पण."

"अरे, रंगाला अजून दोन दिवस नाही झाले!" निशिगंधा कळवळली.

"एकच दिवस झालाय म्हणून तर पीठ लागतंय, वहिनी."

काकींना गंमत वाटली. लग्नात उंबऱ्याशी हाताचे थापे मारले होते, त्यानंतर आजच, म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि घरभर फिरल्या. तासाभराने नव्या रंगावर पांढरे ओले हात उमटले होते. ते वाळले तसे आणखी स्पष्ट दिसायला लागले. खोलीच्या दाराशी दोन. फ्रिजवर एक. बोळात सलग सहा. मोरीत, प्रितेशने मापून खूण केली होती त्या जागेपासून वीतभर खाली. आणि सगळ्यात जास्त कुठे, तर मागच्या दाराच्या बाहेर, वाडीत उतरणाऱ्या तीन पायऱ्यांच्या खांबावर. तिथे हातावर हात पडून नुसता लपका झाला होता.

"आई, तुम्ही दुपारी झोपता ना?" निशिगंधाने विचारलं.

"तुम्ही झोपता," काकी म्हणाल्या. "मी वाडीत जाते."

त्या तीन पायऱ्यांना सुकऱ्याने दोन्ही बाजूंनी कठडा लावला, पायऱ्यांच्या कडा रुंद केल्या. प्रितेशने आईला खोलीत बसवायचा विषय पुन्हा काढला नाही. काम संपलं त्या दिवशी काकी नवा कठडा धरून खाली उतरल्या, वर आल्या आणि हात पुसत सहज म्हणाल्या, "तुझी आई कशी आहे रे सुकऱ्या? ती धरते का भिंत?"

"आमच्याकडे डाग राहत नाहीत, काकी," तो म्हणाला. "कुडाच्या भिंती. महिन्या-दीड महिन्याला सारवतात."

बोलला आणि तोंड उघडंच राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. इतक्या लोकांच्या भिंती त्याने वाचल्या, आणि त्याच्या घरची भिंत दर महिन्याला शेणा-गेरूने पुसली जात होती. तिथे वाचायला काही आहे का, हे बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

बोर्डीहून उपलाटला मोटारसायकलवर यायला तास-सव्वा तास लागतो. तेवढ्यात त्याने ठरवलं. आईपुढे पिठाची ताटली ठेवायची नाही. चाळीस वर्षं पिठाच्या चौकासमोर गायलेली बाई, तिला तो डाव तिथल्या तिथे कळला असता. हात भिजवता येत नाहीत, तर भिंत भिजवायची.

दोन दिवसांनी लग्नाच्या लुगड्यांसाठी तलासरीच्या बाजाराला जायचं होतं. निघायच्या आधी त्याने बायकोला, संगिताला, आतली भिंत गेरूने सारवायला सांगितलं.

"आता? बाजारातून आल्यावर सारवू की."

"आताच. वरपासून खालपर्यंत. दाट लाव."

संगिताने बडबडत भिंत सारवली आणि तिघं बाजाराला गेली. घरात पुतळी एकटी राहिली. बाजारात संगिता आणि रोशनी लुगड्यांचे रंग निवडत होत्या आणि सुकऱ्या हं-हं करत होता. त्याला हिरवं दाखवलं काय नि पिवळं दाखवलं काय, सारखंच.

दुपारी परतल्यावर तो बुटांसकट आधी आत गेला. पुतळी खाटेवर बसलेली, हात लुगड्याच्या पदराखाली. भिंत अजून दमट होती. त्याने खाटेपासून सुरुवात केली. कमरेच्या उंचीवर बघितलं, छातीच्या उंचीवर बघितलं. खांद्याच्या उंचीवरसुद्धा बघितलं. मेढीच्या खांबावर, चौकटीवर, पाण्याच्या मडक्यांच्या मागच्या भिंतीवर. कुठेही एक बोटसुद्धा उमटलं नव्हतं. सारवलेली भिंत जशीच्या तशी, संगिताच्या हाताचे वळसे दिसत होते तेवढेच.

त्याला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला. आईचा तोल शाबूत होता, पाय शाबूत होते, म्हणजे हा सगळा रुसवाच होता. चार घरची लग्नं नाकारून, नातीला रडवून, केवळ मुलाला धडा शिकवायला. आता स्पष्ट बोलायचं, असं ठरवून तो बूट काढायला उंबऱ्यावर बसला.

बसल्यावर त्याची नजर खाली गेली, आणि तिथे हात होते.

गुडघ्याएवढ्या उंचीवर, काही त्याहून खाली. पाचही बोटं उमटलेले, दाबून टेकलेले हात. खाटेच्या पायापासून निघून भिंतीच्या कडेकडेने मडक्यांपर्यंत, मडक्यांपासून दारापर्यंत. उंबऱ्याशी दोन्ही हात शेजारी शेजारी, खोल रुतलेले. मग तसेच परत खाटेपर्यंत.

सुकऱ्याने आजवर उभ्या माणसांचे डाग वाचले होते. रांगणाऱ्या माणसाचे डाग कुठे असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. मग उठला, तांब्याभर पाणी आणि परात घेऊन आईसमोर बसला.

"आये, हात धू."

पुतळीने पदराखालून हात काढले. दोन्ही तळवे गेरूने लाल होते. तिने मुलाकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि हात परातीवर धरले.

"कवापासून?" सुकऱ्याने विचारलं.

"भाताच्या आवणीपासून. गुडघे उचलतच नाय. उभी राहिले का खाली येतां."

"सांगितलं का नाय?"

"काय सांगू? धवलेरी रांगत आली त लगीन कोण लावून घेल?"

"मना वाटलं, रोशनीची सोयरीक तुना न विचारता केली म्हणून रुसलीस."

"रुसले असते त बोलले असते," पुतळी म्हणाली. "मी काय तुझ्यासारखी हाय, मनात ठेवायला?"

मग एकेक उलगडत गेलं. दिवसभर घरात कोणी नसे. सुकऱ्या खाली किनाऱ्याला, संगिता मजुरीला, रोशनी कामावर. तेवढ्यात पुतळी आपलं सगळं उरकून घ्यायची आणि माणसं परतेपर्यंत खाटेवर जाऊन बसायची. सकाळ-संध्याकाळ बाहेर जायची वेळ आली तर रोशनीच्या खांद्यावर हात ठेवायची. नात सासरी जाणार, म्हणून आजीची माया दाटून आलीय, असं सगळ्यांना वाटायचं. माया होतीच. पण त्या खांद्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं, आणि चैत्रात तो खांदाही जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सुकऱ्या खाली गेला नाही. कुडाच्या भिंतीला स्क्रू धरत नाही, म्हणून त्याने भिंतीलगत पाच मेढी पुरल्या आणि त्यांना बांबू बांधले. दोन ओळी केल्या. एक कमरेएवढ्या उंचीवर, सगळीकडे करतो तशी. दुसरी गुडघ्याएवढ्या, जिथे हात उमटले होते बरोबर तिथे. दोन्हींवर जाळ्याची दोरी गुंडाळली. उंबरा काढायचा प्रश्न नव्हता, उंबऱ्याला हात लावत नाहीत. त्याने दोन्ही बाजूंनी माती चोपून उंबऱ्याच्या उंचीएवढा चढ केला आणि वरून जाड वाळू ठोकली, पाय घसरू नये म्हणून. खाट वीतभर उंच केली. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात आईला नेऊन आणलं. डॉक्टरने गुडघ्यांसाठी गोळ्या दिल्या आणि थोडं थोडं चालवा म्हणून सांगितलं.

"वरचा दांडा कळला," संगिता म्हणाली. "खालचा कशाला?"

सुकऱ्याने आईकडे बघितलं नाही. "लगीनघरात पोरं येतात. धरायला होईल."

पुतळी रोज खालचा दांडा धरून स्वतःला ओढायची, मग एक हात वरच्या दांड्यावर न्यायची, मग दुसरा. पहिले आठ दिवस ती अर्ध्यातूनच खाली बसली. शिव्या दांड्याला दिल्या, बांबूला दिल्या, सुकऱ्याच्या बापालाही दिल्या, तो मरून वीस वर्षं झाली होती. पंधराव्या दिवशी उभी राहिली. महिन्याने मडक्यांपर्यंत गेली आणि स्वतःच्या हाताने पाणी ओतून प्यायली.

लग्नाच्या दिवशी भिंत पुन्हा सारवली. संगिताने मेढींच्या मागून हात घालून खालपर्यंत गेरू लावला आणि ते हात पुसले गेले. सवाशिणी चौक लिहायला बसल्या. घर माणसांनी भरलं. पुतळी खाटेवरून उठली, वरचा दांडा धरून नऊ पावलं चालली आणि चौकासमोर जाऊन बसली. तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण शब्द एकही चुकला नाही. रोशनी हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच. म्हातारीचा रुसवा गेला एकदाचा, असं लोक म्हणाले. सुकऱ्याने त्यांना तसं म्हणू दिलं.

मागून सूर धरायला जिवली आली होती. पलीकडच्या पाड्यावरून येताना तिला कोणीतरी मोटारसायकलवर आणून सोडलं होतं आणि आल्यापासून ती भिंतीला टेकून बसून होती. गाणं संपलं, माणसं मांडवाकडे सरकली, पुतळीला संगिता बाहेर घेऊन गेली. आत जिवली राहिली आणि दोरी तपासत वाकलेला सुकऱ्या राहिला.

जिवलीने इकडेतिकडे बघितलं. मग हात लांब करून खालचा दांडा धरला. कोणी न सांगता, अचूक तिथेच, बोटं आतल्या बाजूने घालून. त्यावर भार टाकला, दुसरा हात वर नेला आणि उभी राहिली. उभी राहिल्यावर थोडा वेळ दम खात थांबली.

"हा खालचा पोरांसाठी ना?" तिने विचारलं.

"हां," सुकऱ्या म्हणाला.

"माझे घरी पण पोरं हायेत," जिवली म्हणाली. "कवा येशील?"

जिवलीच्या घरात तिच्याशिवाय कोणी राहत नाही, हे सगळ्या पाड्यांना ठाऊक होतं. सुकऱ्या दोरीची गाठ आवळून उभा राहिला.

"मंगळवारी येतो, काकी," तो म्हणाला.